सातव्या महिन्यात एचबी ८.६: गोळ्या चालू असूनही रक्त का वाढत नाही आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटी बहीण २४ वर्षांची, पहिलटकरीण, सव्विसावा आठवडा चालू. गरोदरपणाआधीचं वजन ४५ किलो. सासर राधानगरी तालुक्यात, आणि डोहाळजेवण झालं की बाळंतपणासाठी ती कोल्हापुरात माहेरी येणार. चौथ्या महिन्यात एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ९.४ होतं. दोन महिने लाल गोळ्या चालू असूनही आता ८.६ आलं. गोळीने मळमळतं, शी काळी होते, म्हणून घरातली मोठी माणसं म्हणतात गोळ्या उष्ण पडतात, त्यापेक्षा गूळ, खजूर, बीट वाढवा. डॉक्टरांनी शिरेतून लोहाची सलाईन सुचवली आहे. ती घ्यावी का, बाळाला काही होईल का, आणि रक्त चढवायची वेळ येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सव्विसाव्या आठवड्यात एचबी ८.६ असेल आणि तब्येत स्थिर असेल तर रक्त चढवत नाहीत. सलाईनचा सल्ला योग्य आहे. फक्त ती लावण्याआधी दोन कामं व्हायला हवीत. गोळ्यांनी एचबी का वाढलं नाही ते शोधायचं आणि ही कमतरता खरंच लोहाचीच आहे ना, याची खात्री करून घ्यायची. दोन्ही कामं आठवड्याभरात होतात. त्याहून जास्त वेळ घालवू नका, कारण बाळंतपणाला जेमतेम चौदा आठवडे उरलेत आणि कुठल्याही मार्गाने लोह दिलं तरी त्याचं रक्त व्हायला तीन-चार आठवडे जातातच.

आकड्याचा अर्थ आधी समजून घ्या. गरोदरपणात एचबी ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. चौथ्या ते सहाव्या महिन्यात एचबी थोडं उतरतंच. या काळात रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्के वाढतो, तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्केच. आमटीत पाणी वाढवलं की डाळ तेवढीच असून ती पातळ दिसते, तसाच हा प्रकार. म्हणून या तिमाहीत १०.५ पर्यंतचं एचबी चालवून घेतात. ८.६ मात्र नुसत्या पातळपणाने येत नाही. इथे लोहाचा साठाच संपलेला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी.

साठा संपतो कसा, त्याचा हिशेब बघा. एका गरोदरपणाला एकूण साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं सुमारे ३०० बाळ आणि वार घेतात, ४५० ते ५०० आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींना लागतं, बाकीचं रोजच्या झिजेत जातं. ही मागणी नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या तीन महिन्यांत पाळी थांबल्यामुळे उलट थोडी बचत होते. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र रोज सहा-सात मिलिग्रॅम लोह रक्तात पोचावं लागतं. आपल्याकडच्या भाकरी, भात, भाजी, आमटीच्या जेवणातून दिवसाला पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह पोटात गेलं असं धरलं, तरी त्यातलं पाच ते दहा टक्केच अंगी लागतं, म्हणजे एक ते दोन मिलिग्रॅम. गरोदरपणात आतडं जास्त लोह ओढतं हे खरं, पण एवढी तूट त्याने भरत नाही. लग्नाआधीपासूनच पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या, घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या मुलीकडे शिल्लक मुळातच कमी असते. देशपातळीवरच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा तुमच्या बहिणीचं काही जगावेगळं झालेलं नाही आणि यात तिचा दोषही नाही.

आता गूळ आणि बीट. १०० ग्रॅम गुळात साधारण चार-पाच मिलिग्रॅम लोह असतं. रोज २० ग्रॅमचा खडा खाल्ला तर पोटात जातं एक मिलिग्रॅम आणि अंगी लागतं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आपला गूळ कितीही चांगला असला तरी तो औषधाची जागा घेऊ शकत नाही. पाव किलो खाऊनही दिवसाची तूट भरणार नाही, वर गरोदरपणातल्या साखरेची भीती. बीट आणि डाळिंब लाल असल्यामुळे रक्त वाढवतात असा समज पसरला, पण दोन्हींत १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही. फळ म्हणून, कोशिंबीर म्हणून खुशाल खा. गोळीऐवजी नको.

खाण्यातून खरी मदत होते ती मांसाहारातून. मटणातलं लोह पंधरा ते पंचवीस टक्के शोषलं जातं, धान्य-भाजीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. मात्र लोह असतं फोडीत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवून ते मिळत नाही. घरात फोडी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात आणि सुनेच्या वाट्याला शेवटचा रस्सा उरतो, हे अजूनही बऱ्याच ठिकाणी चालतं. आठवड्यातून दोनदा तिच्या ताटात चार-पाच फोडी आठवणीने वाढा. कलेजीत लोह भरपूर आहे, पण अ जीवनसत्त्वही फार आहे, म्हणून गरोदरपणात ती टाळलेली बरी.

शाकाहारी घरात मोड आलेली मटकी, मूग, चवळी, हरभरे आणि राजगिरा, तांदुळजा, मेथी, शेवग्याचा पाला या भाज्यांवर भर द्या. मोड आणल्याने धान्यातला लोह अडवून ठेवणारा घटक कमी होतो आणि क जीवनसत्त्व तयार होतं, म्हणून उसळ ही आमटीपेक्षा सरस. वरून अर्धं लिंबू पिळा, जेवताना पेरूच्या चार फोडी किंवा आवळा घ्या. राधानगरीकडे जेवणात भात जास्त असतो आणि पांढऱ्या भातात लोह अगदीच नगण्य. तिथे नाचणी घरची आहे. तिला मोड काढून दळलेलं सत्त्व किंवा रात्रभर आंबवलेल्या पिठाची आंबील भाकरीपेक्षा उपयोगी पडते. बिडाचा तवा आणि कढई वापरात असेल तर ती माळ्यावर टाकू नका. चिंच-आमसुलाची आंबट आमटी लोखंडी भांड्यात शिजली की तिच्यात थोडं लोह उतरतं. एवढं सगळं करून साठा टिकवता येतो, पण ८.६ वरून चौदा आठवड्यांत वर यायला औषधच लागणार.

आता मुख्य मुद्दा, गोळीचा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या गरोदरपणात आणि नंतर १८० बाळंतपणानंतर, हे प्रतिबंधाचं प्रमाण झालं. एचबी ११ च्या खाली आलं की उपचाराचं प्रमाण लागू होतं, म्हणजे रोज दोन. तुमच्या बहिणीचं चौथ्या महिन्यात ९.४ होतं. त्या दिवसापासून तिला दोन गोळ्या सांगितल्या होत्या की एकच, हे कार्डावर तपासा. दोन सांगून एकच घेतली जाणं फार सर्रास होतं. नंतर तिच्या घरातल्या गोळ्या मोजा. दोन महिन्यांत रोज दोन म्हणजे १२० व्हायला हव्या होत्या. पाकिटं समोर ठेवून हिशेब केला की पुष्कळदा ४०-५० गोळ्याच पोटात गेलेल्या निघतात. तिला रागावू नका, विचारा. मळमळ होते म्हणून सोडली, सासूबाई नको म्हणाल्या म्हणून सोडली, काळी शी बघून घाबरून सोडली, ही तीन कारणं जवळजवळ ठरलेली. काळी शी म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्यात काही बिघडत नाही. शी डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल किंवा तिच्यात लाल रक्त असेल तरच दाखवायचं. लोहाने बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन अडतं, या दोन्ही समजुतींना काडीचा आधार नाही.

गोळ्या नेमाने घेऊनही एचबी वाढलं नसेल तर त्या कशाबरोबर घेतल्या ते बघा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. गरोदर बाईने पौष्टिक घ्यावं म्हणून गोळी दुधाबरोबर देतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं निरसं दूध प्यायची सवय असलेल्या आपल्या कोल्हापुरात तर दुधाशिवाय औषध घशाखाली उतरत नाही. दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिन लोहाला अडवतं. शिवाय गरोदरपणात न तापवलेलं दूध मुळीच नको, त्यातून आजार बाळापर्यंत जाऊ शकतो. तसंच चहाचं. जेवणावर किंवा गोळीवर लगेच चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होतं. आणि कॅल्शियमच्या गोळ्या! लोह आणि कॅल्शियम दोन्ही एकाच दिवशी, एकाच पिशवीत मिळतात, म्हणून एकत्र गिळल्या जातात. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर लागतं. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि पातळ औषधंही शोषण कमी करतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी अनशापोटी आणि लोह तिच्यानंतर चार तासांनी.

घरच्या दिनक्रमात हे असं बसतं. सकाळी उठल्यावर चहा. साडेआठला नाश्ता आणि त्याबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी. अकराला पोट थोडं रिकामं असताना लिंबूपाण्याबरोबर लाल गोळी. एकला जेवण आणि कॅल्शियमची दुसरी गोळी. पाचला चहा. आठला रात्रीचं जेवण आणि दहाला झोपताना पुन्हा लिंबूपाणी आणि दुसरी लाल गोळी. झोपेत मळमळ जाणवत नाही, म्हणून रात्रीची गोळी बहुतेकींना सोसते.

तरीही पोट बिघडत असेल तर गोळी बंद करू नका, पद्धत बदला. आधी एकच गोळी रात्री घ्या. तीही सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या. शोषण घटेल, पण डब्यात पडलेल्या गोळीपेक्षा बरं. फेरस सल्फेट चालत नसेल तर डॉक्टर फेरस ॲस्कॉर्बेट किंवा फ्युमरेट देऊन बघतात. एक दिवसाआड घेण्यामागेही शास्त्र आहे. लोहाचा मोठा डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते साधारण चोवीस तास पुढच्या लोहाला आतड्यातच अडवतं. म्हणून एका वेळी चार गोळ्या गिळून चारपट फायदा होत नाही, त्रास मात्र चारपट होतो. सरकारी कार्यक्रमात रोजचंच प्रमाण आहे. ज्यांना ते अजिबात सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यावी. बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल, भरपूर पाणी, पेरू, पालेभाजी. तरी नाही जमलं तर लॅक्ट्युलोजचं सिरप गरोदरपणात चालतं. लोहाचं पातळ औषध घेत असाल तर ते नळीने घ्या, दातांवर डाग पडतात. दुकानातून आणलेल्या 'रक्तवाढीच्या टॉनिक'च्या बाटलीवर एका चमच्यात प्रत्यक्ष लोह किती मिलिग्रॅम ते वाचा. पुष्कळ टॉनिकांत ते गोळीच्या मानाने फारच कमी असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या गोळ्या लाल, गोड आवरणाच्या, अगदी लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या दिसतात. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर या गोळ्या उंच, कुलुपाच्या कपाटात ठेवा. मूठभर गोळ्या मुलाच्या पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता थेट मोठ्या दवाखान्यात.

आता तपासण्या. पहिलं म्हणजे ८.६ हा आकडा कशावर आला? बोटातून थेंब काढताना बोट पिळलं तर आतलं पाणी मिसळून एचबी खोटं कमी दिसतं, आणि रंग जुळवून बघायची जुनी नळीची पद्धत तर बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. निर्णय घ्यायचा तो शिरेतून काढलेल्या रक्ताच्या, मशीनवरच्या सीबीसीवर, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीवर. तपासणी नुसत्या एचबीची न मागता पूर्ण सीबीसी मागा, कारण खरी माहिती एचबीच्या खालच्या ओळींत असते.

त्या ओळी वाचायच्या कशा, ते एका उदाहरणावर बघू. समजा रिपोर्टमध्ये एचबी ८.६, तांबड्या पेशी ४.० दशलक्ष, एमसीव्ही ६८, आरडीडब्ल्यू १८.५ आहे. एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार, ८० च्या खाली गेला की पेशी लहान. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, साधारण १४.५ च्या वर गेला की पेशी लहानमोठ्या झाल्यात. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या आकड्याने भागा: ६८ भागिले ४ म्हणजे १७. हा भागाकार १३ च्या वर असला की कौल लोहाच्या कमतरतेकडे. आता दुसरा रिपोर्ट घ्या: एचबी ९.८, तांबड्या पेशी ५.२, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १४. भागाकार १२ च्या खाली. इथे पेशी लहान आहेत पण संख्येने भरपूर आहेत, सगळ्या सारख्याच लहान आहेत. असा रिपोर्ट थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या रक्तदोषाच्या सौम्य प्रकाराचा असू शकतो आणि तिथे लोहाच्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या तरी एचबी हलत नाही. त्यासाठी एचपीएलसी नावाची रक्ततपासणी असते. तिच्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर बाई थॅलेसेमियाची वाहक. मग नवऱ्याची तपासणी लगेच. तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या दोषाचा तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लोह फार कमी असताना एचबीए२ खोटं कमी दिसू शकतं, म्हणून शंका राहिली तर लोह भरून झाल्यावर तपासणी पुन्हा करतात. खरं तर ही तपासणी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच व्हायला हवी. सव्विसाव्या आठवड्यात ती केली तर निर्णयाला वाव फार कमी उरतो.

भागाकार हा अंदाज आहे, निदान पक्कं करतं ते फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी. ते ३० च्या खाली असलं की साठा रिकामा. मात्र अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा लघवीचा दाह असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. म्हणून त्याच दिवशी लघवीची तपासणी करून घ्या. छुपा संसर्ग असेल तर हेप्सिडिन वाढलेलं राहतं आणि गोळ्या फुकट जातात.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता शोधावी लागते. शुद्ध शाकाहारी घरात बी१२ कमी निघणं नेहमीचं. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर एक कमतरता पेशी लहान करते, दुसरी मोठी, आणि सरासरी एमसीव्ही साळसूदपणे ८५ दिसतो. अशा वेळी वाढलेला आरडीडब्ल्यूच चुगली करतो. दोन महिने लोह घेऊन काहीच फरक नाही म्हटल्यावर बी१२ तपासलंच पाहिजे.

जंतांचंही बघा. भाताच्या चिखलात, उसाच्या सरीत अनवाणी काम करणाऱ्या बायकांच्या पायातून आकडी जंत शिरतात आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितात. चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून घ्यायची असते. ती घेतली आहे का, कार्डावर बघा. शौचाच्या वेळी मूळव्याधीतून रक्त जातं का, हे बाई आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

आणखी एक खूण सांगतो, जी डोहाळ्यांच्या नावाखाली दडून राहते. माती, भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणं हे बहुतेकदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. घरचे कौतुकाने पेन्सिलींचा डबा आणून देतात. मातीतून जंत जातात आणि मातीच लोहाला बांधून ठेवते, म्हणजे चक्र चालूच राहतं. लोह भरलं की ही ओढ काही दिवसांत कमी होते, पुष्कळदा एचबी वाढायच्याही आधी. तिला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर ती सांगणार नाही.

सलाईनकडे येऊ. लोहाची कमतरता पक्की, गोळ्या सोसत नाहीत किंवा महिनाभर नीट घेऊनही एचबी एका ग्रॅमनेही वाढलं नाही, आणि दिवस पुढे गेलेले, अशा वेळी शिरेतून लोह देणं हाच सरळ मार्ग. पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. त्यानंतर आईला आणि बाळाला सुरक्षित मानलं जातं. किती द्यायचं याचं सूत्र आहे: गरोदरपणाआधीचं वजन गुणिले हवं असलेलं आणि असलेलं एचबी यातला फरक गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५०० मिलिग्रॅम. तुमच्या बहिणीला ८.६ वरून ११ पर्यंत न्यायचं तर फरक २.४; ४५ गुणिले २.४ गुणिले २.४ म्हणजे सुमारे २६०, अधिक ५००, म्हणजे ७६० मिलिग्रॅम. तेव्हा 'एक सलाईन लावली, झालं' असं समजू नका. त्या एका बाटलीत किती मिलिग्रॅम होतं, हे विचारा.

दोन औषधं वापरात आहेत. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमधून, एक दिवसाआड, आठवड्याला जास्तीत जास्त ६००. तिला अशा चार बाटल्या लागतील, म्हणजे चार फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज महाग, पण एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, साधारण १५ मिनिटांत. मात्र त्यालाही वजनाची मर्यादा आहे, किलोला १५ ते २० मिलिग्रॅम, त्यामुळे ४५ किलोच्या बाईला डोस दोन भागांत विभागण्याची गरज पडू शकते. राधानगरीहून येण्या-जाण्यातच दिवस मोडत असेल तर दुसरं औषध सोयीचं. सरकारी दवाखान्यात जे उपलब्ध असेल ते घ्या, काम दोन्हीही करतात.

सलाईन घरी किंवा छोट्या खोलीत लावून घेऊ नका. क्वचित का होईना, तीव्र ॲलर्जी होऊ शकते आणि तेव्हा जवळ डॉक्टर, ऑक्सिजन आणि ॲड्रेनॅलिन लागतं. जाताना खाऊन जा. सलाईन चालू असताना सुई टोचलेल्या जागी जळजळ किंवा सूज आली तर त्याच क्षणी सांगायचं; औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. अंगावर पित्त उठणं, छाती आवळणं, चक्कर, यातलं काही वाटलं तर लगेच सांगायचं. दुसऱ्या दिवशी थोडी अंगदुखी किंवा कणकण येऊ शकते, ती जाते. शिरेतून लोह चालू असताना लोहाच्या गोळ्या थांबवतात, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचं. कमरेत देतात ती लोहाची जुनी इंजेक्शनं आता कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. दुखतात, डाग पाडतात, आणि त्याहून चांगले पर्याय आहेत.

परिणाम लगेच दिसत नाही. सात ते दहा दिवसांत नव्या पेशी बाहेर पडू लागतात, एचबी तीन-चार आठवड्यांत दीड-दोन ग्रॅमने वाढतं. चौथ्याच दिवशी तपासून 'काहीच फरक नाही' म्हणू नका. आणि पुढचे काही आठवडे फेरिटिन तपासू नका, ते भलतंच जास्त येतं.

रक्त केव्हा चढवतात? एचबी ५ च्या खाली गेलं तर कुठल्याही महिन्यात, ७ च्या खाली असून ३४ आठवडे उलटून गेले असतील तर, किंवा धाप लागत असेल, हृदयावर ताण दिसत असेल तर. एक पिशवी पॅक्ड सेलने (रक्तातून वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी) एचबी साधारण एका ग्रॅमने वाढतं. ते सावकाश द्यावं लागतं, कारण रक्तक्षयी बाईचं हृदय आधीच दमलेलं असतं. रक्त चढवणं हे बाळंतपण अंगावर आलेलं असताना जीव वाचवण्यासाठी आहे. आज नीट लोह दिलं तर तुमच्या बहिणीवर ती वेळ बहुधा येणार नाही. मात्र बसल्या जागी धाप लागणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, छातीत धडधड, चेहऱ्यावर सूज, भोवळ यातलं काही झालं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता १०८ ला फोन करा. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय, पलीकडे इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय ही नावं घरात सगळ्यांना माहीत असू द्या. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईला रक्त, तपासण्या, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.

आता माहेरी येण्याचं. उपचाराची साखळी नेमकी इथेच तुटते, म्हणून यावर जोर देतो. सासरच्या गावातल्या आशाताईंकडे तिची नोंद असते, गोळ्या तिथून मिळत असतात. डोहाळजेवणाची ओटी भरून ती गाडीत बसते आणि कार्ड, रिपोर्ट, उरलेल्या गोळ्या तिकडेच फडताळात राहतात. इकडे माहेरच्या भागातल्या आरोग्यसेविकेला तिचं नावही माहीत नसतं. महिना असाच निघून जातो आणि थेट ३६ व्या आठवड्यात एचबी ७.८ येतं. तेव्हा निघायच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे सीबीसी, सलाईनची तारीख आणि मिलिग्रॅम लिहिलेला कागद आणि किमान महिन्याच्या गोळ्या पिशवीत घाला. पोचल्यावर त्याच आठवड्यात जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी मोफत होते, तो दिवस चुकवू नका. ऊसतोडीला येणाऱ्या गरोदर बायकांच्या बाबतीत तर हीच अडचण दुप्पट असते. तुमच्या शेतावर अशी कुणी असेल तर तिलाही जवळच्या केंद्राचा रस्ता दाखवा.

सलाईननंतर चार आठवड्यांनी एचबी, मग ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. ३६ व्या आठवड्याला १० च्या वर असेल तर बरीच निश्चिंती. तरी बाळंतपण रक्तपेढी हाताशी असलेल्या दवाखान्यातच करा. साध्या बाळंतपणात अर्ध्या लिटरपर्यंत आणि सिझेरियनमध्ये लिटरभर रक्त जाऊ शकतं. एचबी ११ असलेली बाई ते सोसते, ८ असलेली त्यातच कोसळते. रक्तगट लिहून ठेवा, देणारे दोन नातेवाईक सांगून ठेवा. बाळ जन्मताच वार पडण्याआधी नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबायची पद्धत आहे. त्या मिनिटांत बाळाला पुढच्या काही महिन्यांचं लोह मिळतं. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं तर तेही आनंदाने करतात.

बाळंतपणानंतर गोळ्या सहा महिने चालू ठेवायच्या. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू चालू असले तरी गोळ्या हव्याच, आणि खीर दुधातली असते म्हणून गोळी तिच्यापासून दोन तास लांब. सहा आठवड्यांनी एकदा सीबीसी करा. आणि पुढचं मूल किमान दोन वर्षांनी, शक्यतो तीन वर्षांनी होऊ द्या. त्यासाठी तांबी किंवा दुसरं साधन कोणतं वापरायचं, हे दवाखान्यातून घरी सोडायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.